येळवस, मुक्काम इफेसस

मोगरखेडच्या केवळाबाई तुर्कस्थानात उतरल्या तेव्हा त्यांच्याजवळ दोन बॅगा होत्या. एकीत कपडे. दुसरीत ज्वारीचं पीठ, शेंगांची चटणी, धपाटे आणि हळदीकुंकवाची डबी. विमानतळावरच्या तपासनिसानं हळद बोटावर घेऊन हुंगली, तेव्हा बाई त्याला मराठीत म्हणाल्या, "लाव की कपाळाला. हुंगतोस काय कुत्र्यावानी?" त्यानं डबी परत दिली. भाषा कळली नाही तरी आवाज कळतो.

सहल लातूरची होती. दोन डाळमिलवाले, चार डॉक्टर, एक क्लासवाले फिजिक्सचे सर, या सगळ्यांच्या बायका, आणि कॉलेजात आयुष्यभर ग्रीसचा इतिहास शिकवून ग्रीकांचा एक दगडही न पाहिलेला मी, पत्नी सरोजिनीसह. या सगळ्यांत यायची इच्छा नसलेल्या एकट्या केवळाबाई. साठीच्या आसपासच्या, नऊवारीवर सुनेचं जाकीट घातलेल्या, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांना त्यांच्या मुलानं पाठवलं होतं. मुलगा हरिओम हा मोगरखेडचा उपसरपंच. आईला जग दाखवावं असं त्याला एकाएकी वाटलं होतं. सोबतीला त्यानं बायको दिली, दीपमाला. स्वतः आला नाही. गावात कामं आहेत, म्हणाला. ते मात्र खरं होतं.

बसमध्ये बाईंची सीट आमच्या शेजारची. अथेन्समध्ये त्या काहीच बोलल्या नाहीत. तिथून समुद्र ओलांडून तुर्कांच्या बाजूला आल्यावर एका दुपारी त्यांनी मला विचारलं, "सर, आणि किती पडलेली गावं दावणार हायत हे?"

मी म्हणालो, "अजून तीन-चार."

"पडलेलं गाव बघायला एवढ्या लांब कशाला यायचं? माझ्या गावाला हाय की एक."

मग त्यांनी सांगितलं, आणि पुढच्या दोन दिवसांत सांगत राहिल्या. त्र्याण्णवच्या भूकंपात मोगरखेड बसलं. दगडी भिंती आणि वर मातीचं माळवद, त्यामुळे घर पडलं म्हणजे माणसाला पुरूनच पडलं. बाईंचे यजमान अण्णाराव गेले, सात वर्षांची थोरली रेणुका गेली. वर्षाचा हरिओम किरकिरत होता म्हणून त्याला घेऊन बाई अंगणात आल्या होत्या, म्हणून दोघं राहिली. अण्णाराव रेणुकाला उचलून दारापर्यंत आले होते. दोघं सापडली ती उंबऱ्यावर. एक पाऊल कमी पडलं.

सरकारनं दोन कोस लांब नवं गाव बांधून दिलं. सरळ रस्ते, एका मापाची घरं. जुनं गावठाण सरकारजमा झालं आणि त्यात वेडी बाभूळ माजली. तिकडं कुणी जाईना. केवळाबाई वर्षातून एकदा जायच्या, येळवशीला.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. लातूर जिल्ह्याबाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही, पण त्या दिवशी अख्खा जिल्हा घराला कुलूप लावून रानात जातो. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी राहते, आत पाच दगडांचे पांडव मांडतात, सगळ्या शेंगाभाज्यांची भज्जी होते आणि मडकी भरभरून आंबील प्यायली जाते. शहरात त्या दिवशी औषधाचं दुकानही उघडं सापडत नाही. केवळाबाई रानात जायच्या आधी वाट वाकडी करून जुन्या गावठाणात जायच्या, काट्या बाजूला सारून आपला उंबरा हुडकायच्या, त्याला हळदीकुंकू लावायच्या आणि पहिली आंबील त्याच्यावर ओतायच्या. मग रानात. उरलेलं घर पडून मातीला मिळालं होतं. उंबरा आडवाच असतो, त्याला पडायची सोय नसते.

दोन वर्षांपूर्वी त्या गावठाणावर सोलरचा प्रकल्प आला. गाव एकदा जमिनीनं पाडलं होतं. दुसऱ्यांदा पाडायचा ग्रामपंचायतीनं रीतसर ठराव केला. राहिलेल्या भिंती काढायच्या, दगड खडी केंद्राला द्यायचे, जागा सपाट करायची. हे सगळं उभं राहून करवून घ्यायची जबाबदारी उपसरपंचावर. जेसीबी दोनदा गेला आणि दोन्ही वेळा केवळाबाई त्याच्या दातांपुढं मांडी घालून बसल्या. त्यांना बघून आणखी बाया येऊन बसल्या. उपसरपंचाच्या आईच्या अंगावर जेसीबी घालणारा ड्रायव्हर औसा तालुक्यात मिळेना.

"आता कबूल झालाय," बाई मला म्हणाल्या. "म्हणला, आई, तू म्हणतीस तर राहू दे. म्हणून आले मी. न्हाईतर मी कशाला येते?"

दीपमाला मोबाईल बघत होती.

येळवशीच्या दिवशी आमचा मुक्काम इफेससजवळ होता. सकाळी हॉटेलच्या नाश्त्यात बाईंना ताक दिसलं. त्याला तिथं आयरान म्हणतात. बाईंनी चाखून पाहिलं, मान हलवली, चार पेले घेतले आणि त्यात खोलीतल्या किटलीत शिजवलेली ज्वारीच्या पिठाची पातळ कण्हेरी, मीठ आणि लसूण घालून पाण्याच्या बाटलीत आंबील तयार केली. तुर्कांबद्दल त्यांचं मत त्या दिवशी पहिल्यांदा थोडं सुधारलं.

बस निघाली तेव्हा मात्र त्या धुसफुसत होत्या. "सहलवाल्यांनी तारखा पुढं ढकलल्या म्हणून. न्हाईतर मी येळवशीच्या आत माघारी होते. हरीनंच सांगितलं, आई, आता तिकिटं झाली, काय करावं."

मी सहज म्हणालो, "कुठल्या तारखा? आम्हाला तर गणपतीपासून ह्याच तारखा सांगितल्यात."

सरोजिनीनं माझ्या पायावर पाय दिला. उशीर झाला होता.

"ह्याच?" बाई म्हणाल्या.

"ह्याच."

बाईंनी सुनेकडं पाहिलं. दीपमाला खिडकीतून जैतुनाची झाडं बघत होती. इतक्या एकाग्रतेनं ती झाडं कुणीही बघितली नसतील.

इफेसस हे ग्रीकांचं बंदर. समुद्र पार गावाच्या पायरीपर्यंत होता. नदीनं गाळ आणून आणून समुद्राला मागं लोटलं, आता तो दीड-दोन कोस लांब आहे. बंदराला पाणी नाही म्हटल्यावर व्यापार गेला, मध्येमध्ये भूकंप झाले, शेवटी माणसं उठून गेली. आमचा गाइड, पांढऱ्या मिशांचा तुर्क गृहस्थ, हे इंग्रजीत सांगत होता आणि मी बाईंना मराठीत. संगमरवरी रस्ता, दोन मजली ग्रंथालयाची दर्शनी भिंत, सार्वजनिक शौचालयाची सलग बैठक. या शेवटच्या वस्तूपाशी डाळमिलवाले सर्वांत जास्त वेळ रेंगाळले.

बाईंनी एकच विचारलं, "भूकंपात किती गेले?"

मी गाइडला विचारलं. तो म्हणाला, नक्की माहीत नाही.

"दगड समदे मोजलेत आन माणसं न्हाई मोजली," बाई म्हणाल्या.

डोंगराच्या उतारावर जुन्या श्रीमंतांची घरं आहेत. त्यांवर आता मोठं छप्पर टाकलंय आणि काचेच्या पुलावरून बघत जायचं. खाली लांब टेबलांवर संगमरवराचे हजारो तुकडे मांडलेले, प्रत्येकावर आकडा, आणि दोन मुली हातमोजे घालून एकेक तुकडा दुसऱ्याला लावून बघत होत्या. जुळला नाही की खाली ठेवून दुसरा. गाइड म्हणाला, काही वर्षांपासून चाललंय, अजून काही वर्षं चालेल.

"ह्या पोरी त्या घरवाल्यांच्या कोण लागतात?" बाईंनी विचारलं.

"कोणी नाही. ग्रीक कधीच गेले. ह्या तुर्कांच्या मुली."

"कुणी लागत न्हाईत? तरी जोडलाल्यात?"

मी हो म्हणालो.  बाईंचा जबडा हलत होता.

बाहेर पडायच्या वाटेवर एका घराचं दार होतं. दार म्हणजे दोन खांब आणि खाली उंबरा. बिजागरीची खाच अजून होती, मधला भाग पायांनी झिजून खोलगट झालेला. आमची मंडळी फोटो काढत पुढं गेली. केवळाबाईंनी बूट काढले, दोरीखालून वाकून आत गेल्या, उंबऱ्यापुढं बसल्या, हळदीकुंकवाची दोन बोटं ओढली आणि बाटलीतली आंबील त्यावर ओतली.

शिट्टी वाजली. रखवालदार धावत आला. मागून दुसरा आला. गाइडनं डोक्याला हात लावला. दीपमाला ओरडली, "आत्या, काय करलालाव तुमी! जेलात टाकतील!" सासूला आत्या म्हणायची तिच्याकडची पद्धत. फिजिक्सवाले सर मोठ्यानं म्हणाले की अशा लोकांमुळेच आपल्या देशाचं नाव खराब होतं, आणि चार पावलं बाजूला सरकून दुसऱ्या देशाचे झाले.

मी रखवालदाराला जमेल तसं सांगितलं, हा पूजेचा प्रकार आहे, पीठ आणि ताक, रंग नाही. तो खवळलेलाच होता. पण त्यानं खिशातला रुमाल काढला, आपल्या बाटलीतलं पाणी त्यावर घेतलं आणि गुडघे टेकून तो दगड पुसायला लागला. हळूहळू, खाचेतून बोट फिरवून, लेकराचं तोंड पुसावं तसं.

केवळाबाई बूट हातात घेऊन ते बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं, ओशाळल्या असतील. त्या वळल्या तेव्हा चेहरा लाल होता, पण लाजेनं नव्हे.

"दीपे, हरीला फोन लाव."

"आत्या, समदे रानात असतील. रेंज नसंल."

"मग गुरुपादप्पाला लाव. त्याचं रान गावठाणाला लागून हाय, तिथं रेंज असती. मला ठावं हाय."

दीपमालानं बाईंच्या फोनमध्ये नंबर शोधायला फार वेळ लावला. तोवर आमची वरात थिएटरपाशी आली. डोंगराला टेकून अर्धगोल पायऱ्या, वीस-पंचवीस हजार माणसं बसतील एवढ्या. गाइडनं आम्हाला खाली मधोमध उभं केलं आणि एक टाळी वाजवली. ती पार वरच्या पायरीवर ऐकू जाते, म्हणाला, कसलंही यंत्र नको. वरती कोरियन पर्यटकांचा एक जथा बसला होता. त्यांनी हात हलवले.

तेवढ्यात फोन लागला. केवळाबाई फोन नेहमी स्पीकरवर टाकून तोंडापुढं आरशासारखा धरतात. त्यामुळे गुरुपादप्पाही थिएटरभर ऐकू आला. तोंडात घास होता.

"वैनी! येळवशीचा राम राम! विमानातून बोललालाव का?"

"गुरुपादप्पा, गावठाणात आवाज कशाचा हाय?"

"कशाचा म्हंजे? जेसीबीचा. सकाळधरनं चाललालाय की." घास गिळल्याचा आवाज आला. "मी म्हणलं, येळवशीला काम कशाला काढावं? तर हरी म्हणला, आईनंच सांगितलंय, आता अडवत न्हाई म्हणून. त्यानं आधी तुमचंच घर काढलं बघा. मग आमच्या आळीचं. मला बी वाईट वाटलं, पण म्हणलं, वैनीच हो म्हणल्यात तर आपुन कोण?"

केवळाबाईंनी फोन बंद केला. सुनेकडं न बघता म्हणाल्या, "आता त्याला लाव. तुझ्या फोनवरनं उचलंल तो."

त्यानं लगेच उचलला. "हां, बोल गं. म्हातारी काय म्हणती?"

"म्हातारी म्हणती, तुझ्या तोंडात माती पडो!"

वरच्या पायऱ्यांवरचे कोरियन सावरून बसले.

"आई? आई, ऐक तर..."

"मुडद्या, येळवशीच्या दिवशी! गाव जेवायला रानात बसलंय म्हणून साधलंस व्हय? अन् मला हितं दगडात आणून सोडलंस!"

"ओरडू नको गं. लोक काय म्हणतील तिथं?"

"हितं माझं कोण हाय रं काय म्हणायला? लोक तुझ्याकडं हायत. त्यास्नी काय सांगितलंस? आईनं हो म्हणलं?"

पलीकडं जेसीबीचा घरघराट ऐकू येत होता. मग हरिओम म्हणाला, "तसं म्हणल्याबिगर कुणी ऐकतच नव्हतं. तुझ्या शब्दाला मान हाय गावात, आई."

आईच्या मानाचा इतका व्यवहारी उपयोग मी तरी दुसरीकडं पाहिलेला नाही.

"आणि जागा आपली हाय का?" त्याला आता जोर आला. "सरकारची हाय. नव्या घराच्या बदल्यात अंगठा तूच दिलास."

"अंगठा जागेचा दिला. तुझ्या बापाचा न्हाई दिला."

"मी आधी आपलंच पाडलं, आई. उद्या कुणी म्हणू नये, उपसरपंचानं सोताचं राखलं आन लोकाचं काढलं. ह्यात माझं काय चुकलं?"

"वा रं धर्मराजा!"

"मग काय करू? मी वरसाचा होतो. बापाचं तोंड मला आठवत न्हाई. अक्काचं न्हाई. तुला तिथं घर दिसतं. मला नुसत्या काट्या दिसत्यात. आठवतच न्हाई त्याला मी काय करू, सांग की!"

  मला वाटलं बाई आता रडतील, आणि सरोजिनी पुढं झालीसुद्धा. बाईंनी तिला हातानं मागं सारलं.

"उंबरा कुठाय?"

"गेला असंल. सकाळी ट्रॅक्टर भरून गेले खडी केंद्राला."

"माघारी आन."

"दगड हाय गं तो. दगडासारखा दगड."

"हरी, उंबरा घेऊनच माझ्या म्होरं उभा ऱ्हा. न्हाईतर मला आई म्हणू नको. म्हणलास तर ह्या पायातला बूट तुझ्या तोंडात घालीन, उपसरपंच असशील तुझ्या घरी!"

फोन बंद झाला आणि वरून टाळ्या सुरू झाल्या. कोरियन उभे राहून वाजवत होते. एकानं शिट्टीही मारली.

"ह्यास्नी काय झालं?" बाईंनी विचारलं.

"त्यांना वाटलं, नाटक होतं."

"मेल्यांनो!" बाई वर बघून ओरडल्या. टाळ्या वाढल्या.

बसकडं चालताना त्यांनी गुरुपादप्पाला पुन्हा फोन लावला आणि एवढंच सांगितलं, "मी हो म्हणले न्हाई. कुणालाच म्हणले न्हाई. समद्यास्नी सांग." गुरुपादप्पानं बांधावर उभं राहून हाका घातल्या. येळवशीला गाव ओस पडलं असलं तरी सगळी माणसं हाकेच्या अंतरात रानातच होती. हरिओमनं दिवस निवडताना घरांची कुलपं मोजली, कोपी मोजल्या नाहीत. माणसं हातातली भाकरी घेऊनच गावठाणात आली. मारामारी झाली नाही. जेसीबीचा ड्रायव्हर सकाळपासून उपाशी होता आणि येळवशीला कुणाला उपाशी ठेवणं आमच्याकडं पाप. त्याला चार घरच्या कोपीतली भज्जी वाढली आणि तांब्यावर तांब्या आंबील पाजली. आंबिलीनं झोप येते. तो बाभळीखाली आडवा झाला तो दिवस मावळेपर्यंत उठला नाही, आणि दुसऱ्या दिवशी कामावर आला नाही. अर्धं गावठाण राहिलं. केवळाबाईंची आळी जी सकाळीच गेली होती, ती गेलीच.

हैदराबादच्या विमानतळावर हरिओम गाडी घेऊन हजर होता. हात रिकामे होते. बाईंनी त्याच्याकडं पाहिलं नाही. दीपमालाला म्हणाल्या, "तू जा त्याच्यासंगं. तुमचं जमतं," आणि आमच्या बसमध्ये चढल्या. उमरगा जाईपर्यंत हरिओमची गाडी बसच्या मागं चालली होती. क्लासवाले सर म्हणाले, माफ करून टाका, मुलगा आहे. बाई म्हणाल्या, "तुमच्या पोरास्नी करा." औशाच्या अलीकडं फाट्यावर त्या दोन्ही बॅगा घेऊन उतरल्या. नव्या गावाच्या रस्त्याला लागल्या नाहीत. जुन्या गावठाणाची पायवाट धरली.

त्यानंतर मी गेलो तो चैत्रात. सोलरचे पत्रे गावठाणाच्या एका अंगाला चमकत होते. कुंपण सरळ येता येता एका ठिकाणी अवघडून वळलं होतं, कारण तिथं केवळाबाईंची पत्र्याची खोली होती. चार बांबू, वर पत्रे, बाजेवर बाई. जागा सरकारची आहे, असं सांगायला तलाठी दोनदा येऊन गेला होता. बाईंनी त्याला दोन्ही वेळा सांगितलं, सरकारला पाठव. सरकार अजून आलं नव्हतं. हरिओम रोज डबा पाठवायचा आणि डबा रोज भरलेला परत जायचा. स्वयंपाक गुरुपादप्पाच्या घरून येत होता.

खोलीपुढं दगडांचा ढीग होता. लांबट दगड, चौकटीचे, पायरीचे, कोनाड्याचे, एकावर कोरलेला नाग. एक म्हातारा त्यातून एक पायरी निवडून बैलगाडीत चढवत होता. आपल्या दारातली होती म्हणाला, नव्या घराला लावणार.

मी टेकतोय तोवर ट्रॅक्टर आला. हरिओम स्वतः चालवत होता. उन्हानं काळवंडला होता, दाढी वाढलेली, उपसरपंचाची इस्त्री कुठं दिसत नव्हती. ट्रॉलीत पाच-सहा दगड. खडी केंद्रावर, रस्त्याच्या कामावर, कुणाच्या विहिरीच्या काठावर, जिथं जिथं मोगरखेडचा दगड गेला तिथं तिथं तो मागत फिरत होता. गडी न लावता त्यानं ते एकेक करून उतरवले. शेवटी एक लांब दगड पहारीनं सरकवत बाईंपुढं आणला.

"आई, ह्यो बघ. दोन्हीकडं खाचा हायत. ह्योच असणार."

बाईंनी वाकून पाहिलं. हात फिरवला. "न्हाई. आपला न्हाई."

"बरं," तो म्हणाला आणि घाम पुसत ट्रॅक्टरकडं गेला. वाद घालायचं त्यानं सोडलं होतं.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "बाई, तीन महिने झाले. तो दगड फुटून रस्त्यात गेला असेल. पोरगं मरेल उन्हात."

"हळू बोला, सर," बाई म्हणाल्या. बाजेखालचं पोतं त्यांनी पायानं थोडं सरकवलं. खाली एक झिजलेला उंबरा आडवा होता. "पयल्याच आठवड्यात घावला. त्यानंच आणला. मी न्हाई म्हणले. तो गेल्यावर गुरुपादप्पानं हितं सरकवून दिला."

"मग?"

"आपला घावला म्हणल्यावर लोकाचे कोण आणंल? त्या आळीत समद्यांची घरं माझं नाव सांगून पाडली त्यानं. माझं नाव सांगून! मी हो म्हणले म्हणून लोकांनी उंबरे जाऊ दिले सर, न्हाईतर जाऊ देत नव्हते. आता समद्यांचे येऊ देत. मग बघू."

त्यांनी पोतं पुन्हा ओढलं. तिकडं हरिओमनं ट्रॅक्टर चालू केला आणि इंजिनाच्या आवाजावरून ओरडून विचारलं, "आई, लामजन्याच्या पुलाकडं काही दगड गेल्यात म्हणं. तिकडं जाऊ का?"

"ईचारतोस काय," बाई ओरडल्या. "जा!"